वाढते गाव आणि नागरी सेवा : हिंजवडीचा एक अभ्यास

गाव केव्हा गाव राहते आणि केव्हा ते शहर होते, हा प्रश्न वरवर पाहता शब्दांचा वाटतो. प्रत्यक्षात तो नळाच्या पाण्याचा, गटाराचा, कचऱ्याचा आणि रस्त्यावरील दिव्याचा प्रश्न आहे. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील हिंजवडी हे या प्रश्नाचे ठळक उदाहरण होय. १९९० च्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे माहिती तंत्रज्ञान उद्योगांसाठी राजीव गांधी इन्फोटेक पार्कची उभारणी हाती घेतली. पुढे त्याचे टप्पे शेजारच्या माण गावापर्यंत पोहोचले. इन्फोसिस, विप्रो, टीसीएस, कॉग्निझंट यांसारख्या कंपन्या आल्या. त्यांच्यामागून उंच इमारती, उपाहारगृहे, वसतिगृहे व दुकाने आली. कारभार मात्र ग्रामपंचायतीचाच राहिला.

या लेखात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. एखादे गाव वेगाने वाढू लागले म्हणजे तेथील नागरी सेवांची जबाबदारी कायद्याने कोणाकडे असते, त्यासाठी पैसा कोठून येतो, आणि पुढे कोणते मार्ग मोकळे असतात, हे हिंजवडीच्या आधारे समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे. चाकण, तळेगाव, रांजणगाव किंवा राज्यातील कोणत्याही औद्योगिक क्षेत्रालगतच्या गावाला हा अभ्यास लागू पडेल.

एक गाव, अनेक कारभारी

हिंजवडीच्या शिवाजी चौकात उभे राहून चहूकडे दृष्टी टाकली, तर दिसणाऱ्या प्रत्येक सोयीचा धनी निराळा आहे. जुने गावठाण आणि त्याभोवतीची वस्ती ग्रामपंचायतीकडे. औद्योगिक क्षेत्रातील रस्ते, पाणीपुरवठा व पथदिवे औद्योगिक विकास महामंडळाकडे. औद्योगिक क्षेत्राबाहेरील बांधकामांची परवानगी २०१५ साली स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. पंचायतीच्या कामांना लागणारी तांत्रिक मान्यता पंचायत समिती व जिल्हा परिषदेच्या अभियंत्यांकडे. वीज महावितरणकडे. बससेवा, पुणे आणि पिंपरी-चिंचवड येथील दोन परिवहन उपक्रमांच्या विलीनीकरणातून २००७ साली निर्माण झालेल्या पुणे महानगर परिवहन महामंडळाकडे. गावाच्या पूर्वेकडून जाणारा मुंबई-बंगळूर महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे. पोलीस ठाणे १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाकडे. म्हणजे पोलिसांच्या लेखी हिंजवडी शहरात आहे, आणि पाणी, कचरा व करआकारणी यांच्या लेखी ती ग्रामीण भागात आहे.

यांपैकी प्रत्येक संस्थेला स्वतःचा कायदा, स्वतःचे अंदाजपत्रक आणि स्वतःची हद्द आहे. आपापल्या हद्दीत ती काम करीतही असते. परंतु पाणी, वाहतूक आणि कचरा यांना हद्द कळत नाही. एका संस्थेच्या रस्त्यावर पडलेला पाऊस दुसऱ्या संस्थेच्या गटारात जातो आणि तिसऱ्या संस्थेने परवानगी दिलेल्या इमारतीच्या तळघरात साचतो. अशा वेळी तक्रार कोठे करावी, हेच नागरिकाला उमगत नाही. अनेक कारभारी असलेल्या गावाची ही पहिली अडचण होय.

हद्दीची ही रेषा किती कृत्रिम आहे, याचे एक जुने उदाहरण गावातच आहे. हिंजवडी व वाकड या दोन्ही गावांचे ग्रामदैवत म्हातोबा. चैत्र पौर्णिमेला, हनुमान जयंतीच्या दिवशी, म्हातोबाचे बगाड हिंजवडीहून वाकडकडे निघते. १९९७ साली वाकड पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. हिंजवडी झाली नाही. तेव्हापासून एकाच देवाची मिरवणूक ग्रामपंचायतीच्या हद्दीतून निघून महानगरपालिकेच्या हद्दीत प्रवेश करते. लोकांच्या व्यवहारात ही दोन गावे एक आहेत. शासकीय दप्तरात ती दोन निराळ्या जगांत आहेत.

पाण्याचे दोन मापदंड

या दोन जगांतील अंतर पाण्याच्या हिशेबात सर्वांत स्पष्ट दिसते. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. मलनिःसारणाची व्यवस्था असलेल्या शहरांसाठी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात हेच प्रमाण १३५ लिटर धरले जाते. विहिरीवरून पाणी आणणाऱ्या व परसात मोकळी जागा असलेल्या घरासाठी ५५ लिटर ही मोठी सुधारणा आहे. परंतु बाराव्या मजल्यावर राहणाऱ्या, शौचकूप पाण्याने धुणाऱ्या कुटुंबासाठी हा आकडा अपुरा आहे.

उदाहरणादाखल ५०० सदनिकांची एक वसाहत घेऊ. प्रत्येक घरी ४ माणसे धरली तर तेथे २,००० रहिवासी होतात. ग्रामीण मापदंडाने त्यांना दररोज १,१०,००० लिटर पाणी मिळावयास हवे; शहरी मापदंडाने २,७०,००० लिटर. तफावत १,६०,००० लिटरांची. १०,००० लिटरांच्या टँकरने ती भरून काढावयाची तर रोज १६ टँकर लागतील. हे टँकर अरुंद रस्त्यांवरूनच येणार, त्यांचे पाणी बहुधा आसपासच्या विहिरींतून व विंधन विहिरींतूनच उपसले जाणार, आणि त्यांची किंमत रहिवाशांनाच मोजावी लागणार. म्हणजे कागदावर कमी असलेला आकडा प्रत्यक्षात भूजल, रस्ता आणि कुटुंबाचा खर्च या तिन्हींवर भार टाकतो.

पाण्याचा उगम जवळ असणे आणि पाणी मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मुळशी तालुक्याला नव्याने सांगण्याची गरज नाही. टाटांच्या मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून येथे सत्याग्रह झाला. त्याच धरणाखाली वाहणारी मुळा नदी आज माण, म्हाळुंगे व बालेवाडीच्या परिसरातून पुण्याकडे जाते. पवना नदीवर रावेत येथे पिंपरी-चिंचवड शहरासाठी पाणी उचलले जाते. परंतु नदीतील पाणी घरापर्यंत येण्यास मंजूर कोटा, जलशुद्धीकरण केंद्र, जलवाहिनी आणि ती चालविणारी सक्षम संस्था लागते. ग्रामपंचायतीला एकटीने एवढी यंत्रणा उभारणे कठीण असते.

पावसाचे पाणी आणि हरवलेले ओढे

७ जून २०२५ रोजी झालेल्या जोरदार पावसात इन्फोटेक पार्कमधील रस्त्यांना ओढ्यांचे रूप आले होते. त्याची चर्चा राज्यभर झाली. हे का घडते, हे थोड्या गणिताने समजेल. एक हेक्टर जमिनीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे ५०० घनमीटर, अर्थात ५ लाख लिटर पाणी पडते. जमीन शेताची असेल तर त्यातील बराच भाग मातीत मुरतो, बांधाला अडतो आणि उरलेला सावकाश ओढ्याला मिळतो. तीच जमीन डांबर, सिमेंट व छपरे यांनी झाकली गेली तर जवळजवळ सर्व पाणी वाहून निघते, आणि तेही थोड्या वेळात.

म्हणून गाव बांधले जाऊ लागले की ओढे पूर्वीपेक्षा रुंद लागतात. प्रत्यक्षात घडते ते उलट. जमिनीची किंमत वाढते तसा ओढ्याचा काठ आक्रसतो. कोठे तो वळविला जातो, कोठे नळीत घातला जातो, कोठे राडारोडा टाकून बुजविला जातो. शेतकऱ्याला शिवारातील प्रत्येक ओहळ ठाऊक असे, कारण त्याचे पीक त्यावर अवलंबून होते. सदनिकेत राहावयास आलेल्या नोकरदाराला तो ठाऊक असण्याचे कारण नाही. गावाच्या नकाशावरील ओढे, नाले व पाणंद रस्ते यांची नोंद वाढीच्या आरंभीच पक्की करून त्यांच्या हद्दीचे दगड रोवणे, हे म्हणूनच सार्वजनिक बांधकामांतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयुक्त काम ठरते. ते वेळीच न झाल्यास पुढे अतिक्रमणे हटविण्याचे महाग व कटुता वाढविणारे काम करावे लागते.

२०२५ च्या पावसाळ्यानंतर राज्य पातळीवर बैठका झाल्या. रस्ते, नाले व वाहतूक यांची कामे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या समन्वयाने व्हावीत, या दिशेने पावले टाकण्यात आली. अनेक कारभाऱ्यांमध्ये एकाला उत्तरदायी धरण्याची ही कल्पना योग्यच आहे. समन्वय मात्र बैठकीपुरता न राहता नकाशा, निधी आणि देखभाल या तिन्हींत उतरला पाहिजे.

कचरा : कायदा आला, जागा कोठे?

घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी प्रथमच महानगरपालिका व नगरपालिकांच्या हद्दीबाहेरील नागरी वस्त्यांना आणि औद्योगिक वसाहतींनाही आपल्या कक्षेत घेतले. ओला, सुका व घातक कचरा वेगळा ठेवणे प्रत्येक घरास बंधनकारक झाले. दिवसाला १०० किलोपेक्षा अधिक कचरा निर्माण करणाऱ्या संस्थांना मोठे कचरा उत्पादक मानण्यात आले. ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या वसाहतींनी ओल्या कचऱ्यावर शक्यतो आपल्याच आवारात प्रक्रिया करावी, असे सांगण्यात आले.

हिंजवडीसारख्या गावात या तरतुदीचे महत्त्व फार आहे. ग्रामपंचायतीकडे घंटागाडी घेण्यापुरता निधी असू शकतो. परंतु कचरा टाकण्यास जागा नसते. गायरान जमिनी संपत आलेल्या असतात, आणि शेजारचे गाव आपल्या शिवारात दुसऱ्याचा कचरा येऊ देण्यास तयार नसते. अशा वेळी मोठ्या वसाहतींनी ओल्या कचऱ्याचे खत आपल्या आवारातच केले, तर पंचायतीवरील भार बराच हलका होतो. ही परोपकाराची बाब नसून कर्तव्याची बाब आहे, हे वसाहतींच्या समित्यांनी ध्यानात घ्यावयास हवे.

पैसा कोठून येतो?

ग्रामपंचायतीचे उत्पन्न मुख्यतः चार वाटांनी येते. पहिली वाट करांची : घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर इत्यादी. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने हे अधिकार पंचायतीस दिले आहेत. कारखान्यांकडून करांऐवजी ठोक अंशदान घेण्याची सोयही त्याच अधिनियमात आहे. दुसरी वाट मुद्रांक शुल्काच्या अधिभारातील हिश्श्याची. जमिनी व घरे यांचे व्यवहार जेथे अधिक, तेथे ही रक्कम मोठी असते. तिसरी वाट वित्त आयोगाच्या अनुदानाची, आणि चौथी जिल्हा परिषद, आमदार व खासदार यांच्या निधीची.

यातील तिसऱ्या वाटेचा विचार विशेष करावयास हवा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात ग्रामीण स्थानिक संस्थांना दिलेल्या अनुदानाचा ६० टक्के भाग पिण्याचे पाणी व स्वच्छता यांसाठी बांधील ठेवला होता. वाटपाचा प्रमुख आधार मात्र लोकसंख्या, आणि ती २०११ च्या जनगणनेची. राज्यघटनेतील व्याख्येनुसार लोकसंख्या म्हणजे आकडे प्रसिद्ध झालेल्या शेवटच्या जनगणनेची लोकसंख्या. २०२१ साली व्हावयाची जनगणना झाली नाही; पुढील जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. परिणामी २०११ नंतर राहावयास आलेले हजारो लोक पाणी वापरतात, कचरा निर्माण करतात, रस्त्यावरून जातात. परंतु अनुदानाच्या हिशेबात ते जन्मालाच आलेले नाहीत. सकाळी कामाला येऊन सायंकाळी परत जाणाऱ्यांची तर कोणत्याच जनगणनेत येथे नोंद होणार नाही.

त्यामुळे हिंजवडीची पंचायत राज्यातील अनेक पंचायतींच्या मानाने श्रीमंत असली, तरी तिच्यावर पडलेल्या कामाच्या मानाने ती श्रीमंत नाही. शिवाय पैसा असणे वेगळे आणि तो तांत्रिक कामांवर खर्च करू शकणे वेगळे. पंचायतीचा सचिव, ज्याला गावकरी अजूनही ग्रामसेवक म्हणतात, तो नोंदी, दाखले, करवसुली, सभा व योजना सांभाळतो. मलनिःसारणाचा आराखडा करणारा अभियंता, आरोग्य निरीक्षक किंवा नगररचनाकार पंचायतीकडे नसतो.

पुढील मार्ग कोणते?

वाढत्या गावापुढे साधारणपणे चार मार्ग असतात.

पहिला, शेजारच्या महानगरपालिकेत समावेश. हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, जांबे, गहुंजे व सांगवडे ही ७ गावे पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत घ्यावीत, हा प्रस्ताव २०१५ पासून चर्चेत आहे. या मार्गाने तयार यंत्रणा मिळते : अभियंते, अग्निशामक दल, जलशुद्धीकरण केंद्रे, मैलाशुद्धीकरण प्रकल्प. त्याबरोबर कर वाढतात आणि निर्णयाचे केंद्र दूर जाते. पुणे महानगरपालिकेचा अनुभव येथे उद्बोधक आहे. २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे तिच्यात आली. म्हाळुंगे व सूस ही हिंजवडीच्या जवळची गावे त्यांतच होती. सेवा मात्र समावेशाच्या दिवशीच पोहोचत नाहीत. जलवाहिन्या टाकण्यास वर्षे लागतात. कर व सेवा यांचा मेळ न बसल्याने फुरसुंगी व उरुळी देवाची ही गावे २०२४ साली महापालिकेतून वगळून तेथे स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. शिवाय समावेश होताच ग्रामपंचायत बरखास्त होते, आणि नव्या निवडणुका लांबल्या तर नागरिकांना काही काळ लोकप्रतिनिधीच उरत नाही.

दुसरा मार्ग स्वतंत्र नगरपंचायत वा नगरपरिषदेचा. चाकण या औद्योगिक गावाने तो स्वीकारला. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमानुसार नगरपरिषदेसाठी किमान २५,००० लोकसंख्या आणि बिगरशेती रोजगाराचे ठरावीक प्रमाण लागते. येथेही जुन्या जनगणनेचा अडसर येतोच.

तिसरा मार्ग अनेक गावे मिळून नव्या महानगरपालिकेचा. त्यासाठी किमान ३ लाख लोकसंख्येची अट आहे. आरंभीचा भांडवली खर्च मोठा असल्याने राज्याच्या भक्कम साहाय्याशिवाय हा मार्ग चालत नाही.

चौथा मार्ग राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने खुला ठेवलेला, औद्योगिक नगरीचा. एखादा उद्योग किंवा औद्योगिक संस्था नागरी सेवा पुरवीत असेल, तर तेथे नगरपालिका न नेमण्याची मुभा राज्यपालांना आहे. यात सेवा कार्यक्षम होऊ शकतात. परंतु मतदाराचा अधिकार क्षीण होतो. जुन्या गावठाणातील रहिवाशाने मग आपले गाऱ्हाणे कोणापुढे मांडावे, हा प्रश्न उरतोच.

कोणताही मार्ग निवडला तरी तीन कसोट्या लावून पाहाव्यात. पाणी, मलनिःसारण व कचरा यांचा एकच जबाबदार धनी त्यातून मिळतो काय? वाढीव कराबरोबर वाढीव सेवेचे वेळापत्रक बांधून मिळते काय? आणि नागरिकाला आपल्या प्रतिनिधीला जाब विचारण्याची सोय राहते काय? या तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तरच संस्थेचे नाव बदलल्याने गावाचे भले होईल.

नागरिकांचा वाटा

निर्णय होईपर्यंत आहे त्या व्यवस्थेत बरेच काही करता येण्यासारखे आहे. ग्रामसभा हे त्याचे पहिले साधन. महानगरपालिकेतील सामान्य नागरिकाला सर्वसाधारण सभेत बोलण्याचा अधिकार नाही. ग्रामपंचायतीतील प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सभासद आहे. ग्रामसभेस एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी उपस्थिती पुरेशी असते. मोठ्या वसाहतीतील एका इमारतीतूनच एवढी माणसे येऊ शकतात. अडचण अशी की नवे रहिवासी बहुधा मतदार म्हणून आपल्या मूळ गावीच नोंदलेले असतात. जेथे राहतो, पाणी पितो आणि कर भरतो, तेथील मतदारयादीत नाव नोंदविणे ही नागरी सेवा सुधारण्याची पहिली पायरी आहे. येत्या जनगणनेत येथील प्रत्येक घराची नोंद होईल याची काळजी घेणे, ही दुसरी.

जुन्या गावकऱ्यांचीही एक जबाबदारी आहे. नवा रहिवासी ग्रामसभेत आला म्हणजे आपला अधिकार गेला, अशी भीती काही ठिकाणी दिसते. ती अनाठायी आहे. ओढे कोठे होते, पाणंद कोठून जात होती, कोणत्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकत असे, हे ज्ञान गावकऱ्यांपाशी आहे. हिशेब तपासणे, आराखडा वाचणे, अर्ज व पाठपुरावा करणे हे कसब नव्या रहिवाशांपाशी आहे. हे दोन्ही एकत्र आले तर गावाचा वार्षिक विकास आराखडा कागदोपत्री न राहता उपयोगाचा होईल. याखेरीज २००५ चा माहिती अधिकार अधिनियम आणि २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम ही साधने ग्रामीण व शहरी अशा दोन्ही नागरिकांना सारखीच उपलब्ध आहेत.

माण ते शिवाजीनगर हा २३ किलोमीटरचा आणि २३ स्थानकांचा मेट्रो मार्ग या परिसरासाठी आखण्यात आला. त्याचे भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ रोजी झाले. अशा मोठ्या प्रकल्पाकडे सर्वांचे लक्ष जाते, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु मेट्रोतून उतरलेल्या माणसाला घरापर्यंत चालत जाण्यास पदपथ लागतो, घरी नळाला पाणी लागते आणि पावसाळ्यात दारापुढचे गटार वाहते असावे लागते. मोठी कामे शासन करील. या लहान कामांसाठी स्थानिक संस्था समर्थ असावी लागते, आणि तिला जाब विचारणारा जागा नागरिकही असावा लागतो. औद्योगिक क्षेत्र जाहीर होते त्याच दिवशी शेजारच्या गावाच्या पाण्याचा, ओढ्यांचा, कचऱ्याच्या जागेचा आणि भावी नगरसंस्थेचा आराखडा आखला जावा, हा हिंजवडीने इतर गावांना दिलेला धडा आहे. ज्या गावांच्या वेशीवर उद्योग आज येऊ पाहत आहेत, त्यांना तो गिरविण्यास अजून वेळ आहे.